बॅटरीतला सेल मरतो कशाने?

हरभऱ्याला रात्रीच्या लाइटीत पाणी द्यायला निघालेला माणूस ‘बॅटरी घे’ म्हणतो, तेव्हा त्याला टॉर्च हवी असते. आत घालायचा तो सेल. आपणही इथे तसंच म्हणू. पुन्हा चार्ज होणारे सेल आणले, चार-सहा महिने बरे चालले आणि मग रात्रभर चार्ज करूनही तासाभरात बॅटरी मंदावू लागली, हा अनुभव घरोघरी आहे. असे सेल वापरून झिजतात त्याहून जास्त चार्जरने आणि उष्णतेने मरतात. आपण मात्र दुकानात सेलवरचा आकडा बघतो आणि चार्जर सोबत फुकट मिळाला म्हणून खूश होतो.

आधी तो आकडा. चार्ज होणारे बहुतेक पेन्सिल सेल (AA मापाचे) निकेल मेटल हायड्राइडचे असतात. क्षमता, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते ते, मिलिअँपिअर-तासांत छापलेली असते, आणि या आकारात ती २८०० च्या फारशी पुढे जात नाही. ४६०० छापलेला स्वस्त सेल दिसला तर तो आकडा खोटा समजावा. खरा पेन्सिल सेल साधारण २६ ते ३० ग्रॅम भरतो. सराफाचा काटा हाताशी असेल तर शंका लगेच फिटते. पण २७०० चा अस्सल सेलही घरासाठी उत्तम असेलच असं नाही. जास्त क्षमतेचे सेल नुसते ठेवले तरी लवकर रिकामे होतात आणि चार्जिंगच्या फेऱ्याही कमी झेलतात. २००५ साली सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ बाजारात आणला, तो १९०० ते २००० क्षमतेचा पण स्वतःहून फार हळू उतरणारा. वर्षभर ठेवला तरी त्यात बराचसा चार्ज शिल्लक राहतो. आता या जातीचे सेल अनेक कंपन्या करतात. पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलेलं असेल तर सेल बहुधा याच जातीचा. घरात तोच घ्यावा.

‘साधा सेल दीड व्होल्टचा, हा १.२ चा, मग उजेड कमी पडेल ना?’ ही भीती बहुतेक वेळा फोल ठरते. साधा सेल दीडपासून सुरू होऊन सतत उतरत जातो, हा १.२ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. रक्तदाब मोजायच्या यंत्रासारख्या काही वस्तू ‘सेल संपले’ अशी खूण जरा लवकर दाखवतात, एवढंच. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र हे सेल घालू नका. तिथे साधा सेल सहज वर्षभर पुरतो, त्यात वाचणार काहीच नाही.

आता चार्जर. सेल भरत आला की त्याच्या धन टोकाच्या निकेलवर ऑक्सिजन तयार होऊ लागतो. तो आतल्या आत ऋण बाजूला जाऊन जिरतो आणि जिरताना उष्णता सोडतो. याच वेळी सेलचा व्होल्टेज काही मिलिव्होल्टने खाली येतो. चांगला चार्जर ही घसरण टिपून थांबतो. स्वस्त चार्जरला ती दिसत नाही, तो ढकलतच राहतो. मग सेल तापतो, आतला दाब वाढतो, सुरक्षा झडप उघडून वायू बाहेर पडतो आणि आतला द्रव हळूहळू सुकतो. द्रव सुकला की अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच विजेला होणारा अडथळा, वाढतो. ‘चार्ज होतो पण टिकत नाही’ म्हणतात तो सेल हाच.

म्हणून सेलपेक्षा चार्जरवर पैसे घाला. प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला, एकेक सेल स्वतंत्रपणे भरणारा चार्जर घ्या. ज्यात सेल जोडीनेच घालावे लागतात, त्यात एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असला तर एक करपतो आणि दुसरा उपाशी राहतो. २००० च्या सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअरचा प्रवाह योग्य. फार मंद प्रवाहात ती घसरण इतकी पुसट होते की हुशार चार्जरही चुकू शकतो.

घरात साधाच चार्जर असेल तर वेळ मोजावी लागेल. रिकाम्या सेलची क्षमता गुणिले १.४, भागिले चार्जरचा प्रवाह. २००० चा सेल आणि २०० चा प्रवाह म्हणजे १४ तास. आपल्याकडची अडचण अशी की टायमरवाल्या चार्जरचं घड्याळ वीज गेली की सहसा पहिल्यापासून सुरू होतं. दहा तास झाले, लाइट गेली, परत आली की हा पठ्ठ्या पुन्हा १४ तास मोजतो. भारनियमनाच्या दिवसांत त्या टायमरवर विसंबू नका. किती तास झाले ते कागदावर लिहून ठेवा.

उन्हाळ्यात अडचण वाढते. परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर गेलेला असताना पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चार्जिंग लावलं, तर ऑक्सिजनचा तो खेळ लवकर सुरू होतो. वीज खर्च होते, सेल तापतो आणि तरी पुरता भरत नाही. पहाटे लावा, चार्जरचं झाकण असेल तर उघडं ठेवा. सेल हाताला कोमट लागला तर ठीक. धरवत नसेल इतका तापला तर लगेच काढा. माळवदाच्या घरातली भिंतीतली देवळी सेल ठेवायला फ्रिजपेक्षा बरी, कारण फ्रिजमधून काढलेल्या सेलवर दव जमतं. गाडीच्या डिकीत किंवा खिशात सुट्ट्या नाण्यांसोबत सेल टाकू नयेत. टोकं जुळली तर नाणं चटका देण्याइतकं तापतं.

तीन सेलच्या बॅटरीत दोन नवे आणि एक जुना घातला तर जुना आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोघे त्याच्यातून प्रवाह रेटत राहून त्याला उलटा चार्ज करतात. त्यात तो कायमचा बिघडतो. सेलवर मार्करने ‘अ’, ‘ब’ आणि महिना लिहा, संच फोडू नका, आणि उजेड मंदावला की बॅटरी बंद करा. मुलं खेळण्यातले सेल पार मरेपर्यंत पिळतात, तिथे विशेष लक्ष हवं.

पिन उघडून थेट बोर्डात खोचायच्या टॉर्च आणि डास मारायच्या रॅकेटी यांत बऱ्याचदा सेलऐवजी ४ व्होल्टची छोटी लेड-ॲसिड, म्हणजे शिसं आणि आम्लाची, बॅटरी असते. तिचा स्वभाव उलटा: रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ती चार्ज घेत नाही. वापर झाला की त्याच दिवशी भरा, पडून असली तरी दोन महिन्यांनी एकदा भरा. अशा टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर सहसा नसतो. ती बोर्डात असताना आतल्या तारांवर थेट घरातला करंट असू शकतो, तेव्हा उघडायची तर आधी बोर्डातून काढा.

पेन्सिल सेलच्याच मापाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही मिळतो, त्यावर १४५०० लिहिलेलं असतं. तो रिमोटमध्ये घातला तर रिमोट जळू शकतो, आणि निकेलच्या चार्जरमध्ये लावला तर आग लागू शकते. मेलेल्या सेलचं म्हणाल, तर २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परत देईपर्यंत टोकांना चिकटपट्टी लावून ते प्लास्टिकच्या डब्यात वेगळे ठेवा, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.