ज्यूदोतील दुखापती आणि बंद झालेले डाव

मराठवाड्यात तालमीतून ज्यूदोकडे वळणाऱ्या मुलाला पहिली अडचण येते ती पट काढण्याची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून त्याला पाडण्याची. माळेगावच्या यात्रेतील फडापासून गावच्या उरुसापर्यंत ज्या डावावर त्याने कुस्त्या मारलेल्या असतात, तोच डाव मॅटवर टाकला की पंच दंड देतात. ज्यूदोत बंद असलेले सगळेच डाव धोकादायक म्हणून बंद झाले, असे त्याला अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. उभ्या लढतीत पायाला हात घालण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले आणि २०१३ मध्ये पूर्ण बंदी झाली, ती मुख्यतः ज्यूदोचे रूप कुस्तीपेक्षा वेगळे राहावे म्हणून. खऱ्या दुखापतींमुळे बंद झालेले डाव वेगळे आहेत आणि त्यांचा इतिहास बराच जुना आहे.

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही आपली ज्यूदोशाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर जुजुत्सू या जपानी झुंजकलेच्या जुन्या परंपरा होत्या. त्यांतील अनेक डाव शत्रूचा सांधा मोडण्यासाठीच होते आणि पूर्ण जोराने त्यांचा सराव करणे शक्य नव्हते. कानो यांनी असे डाव मोकळ्या लढतीतून वगळले आणि पाडण्याच्या डावांइतकेच महत्त्व पडण्याच्या कलेला, म्हणजे उकेमीला दिले. पुढे बोटे, मनगट, घोटा आणि गुडघा यांना पीळ देणारे डाव टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि १९२५ पर्यंत स्पर्धेत सांध्यांपैकी केवळ कोपरावर डाव टाकण्याची मुभा उरली.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा समावेश झाला, तेव्हा ६८ किलो, ८० किलो, ८० किलोवरील आणि खुला (वजनाची अट नसलेला) असे चारच गट होते. खुल्या गटात हॉलंडच्या अँटन गेसिंक यांनी जपानी मल्लाला हरवले आणि वजनाचा प्रश्न जगाला दिसला. आज पुरुष व महिला या दोघांसाठीही प्रत्येकी सात वजनगट आहेत. असमान वजनाच्या झुंजी कमी झाल्या हे चांगलेच झाले, परंतु गटात बसण्यासाठी घाम गाळून आणि पाणी तोडून वजन उतरवण्याचा घातक प्रकार त्याच वाटेने आला. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत असलेल्या एका कोरियन ज्यूदोपटूचा वजन घटवताना मृत्यू झाला. आता वजन आदल्या दिवशी घेतले जाते आणि लढतीच्या सकाळी काही खेळाडूंचे वजन अचानक तपासले जाते. ते गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वाढलेले चालत नाही.

एका लढतीने नियम बदलल्याचे ठळक उदाहरण १९८० चे आहे. जपानमधील राष्ट्रीय स्पर्धेत सुमिओ एन्दो यांनी यासुहिरो यामाशिता यांच्यावर कानी-बासामी, म्हणजे दोन्ही पायांची कात्री घालून मागे पाडण्याचा डाव टाकला आणि यामाशितांच्या नडगीशेजारचे हाड मोडले. पुढे हा डाव स्पर्धेतून हद्दपार झाला. यामाशिता १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पोटरीचा स्नायू फाटलेला असतानाही खुल्या गटात सुवर्णपदक जिंकले. त्या विजयाचे कौतुक आजही होते, पण अशा कौतुकातूनच जखमी खेळाडूने लढत राहावे ही अपेक्षा घट्ट होते, हेही नोंदवले पाहिजे.

मान आणि डोके यांबाबतचे नियम सर्वांत कडक आहेत. उचिमातासारखा (मांडीच्या आतून पाय घालून उचलून पाडण्याचा) डाव टाकताना डोके खाली घालून सूर मारणारा खेळाडू थेट बाद होतो. पडताना पाठ टेकू नये म्हणून डोक्यावर भार घेणाऱ्यालाही अलीकडच्या नियमांनी शिक्षा ठेवली आहे. जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत शालेय ज्यूदोत शंभराहून अधिक मुले दगावली आणि त्यांत डोक्याला मार लागलेल्यांचे प्रमाण मोठे होते, हे पाहता हा कडकपणा अनाठायी वाटत नाही.

मात्र अव्वल स्पर्धांत रोज दिसणारी दुखापत अशी नाट्यमय नसते. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुमारे ११ ते १२ टक्के ज्यूदोपटूंना दुखापत झाली. या खेळात गुडघा, खांदा आणि बोटे यांनाच अधिक इजा होते; तिचे स्वरूप बहुधा मुरगळणे, स्नायू ताणणे किंवा मुका मार असे असते आणि ती बहुतेकदा पाडले जाताना होते. पाय मॅटवर रोवलेला असताना प्रतिस्पर्ध्याचा भार बाजूने गुडघ्यावर आला की आतले लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा बंध) तुटते, आणि हे पूर्णपणे वैध डावातही घडते. बोटांची इजा पकडीच्या झटापटीतून येते, म्हणूनच निखळलेले बोट खेळाडूने स्वतः बसवून लढत पुढे चालू ठेवण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठी डॉक्टरांनी उपचार केले, तर मात्र लढत तिथेच संपते.