पोटातली चौदा इंजेक्शनं? ती कधीच गेली

मासळीच्या लिलावाजवळ घुटमळणाऱ्या कुत्र्याने शेजारच्या काकांची पोटरी फोडली. काका दवाखान्यात जायला तयार नाहीत. "पोटात चवदा इंजेक्शना कोण घेतलो? हळद-चुनो लावलंय, पुरे." मालवणात ही धास्ती घरोघरी आहे, आणि एके काळी ती खरीही होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची जुनी लस पोटावरच टोचत. पण भारतात ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात, तरी धास्ती जात नाही.

आताची लस दंडात देतात, लहान पोरांना मांडीत. स्नायूत दिली तर पाच फेऱ्या: पहिल्या दिवशी, मग तिथून 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडीत दिली तर चारच. रक्त आलं असेल तर जखमेतच सीरमही (विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं) भरतात. ते दुखतं, खोटं कशाला सांगू. पण टाळायचं नाही.

आणि चुना? त्याने जखम भाजते, एवढंच. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साध्या साबणाने फुटतं. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं, घड्याळ बघून धुवायचं. काकांचा हळद-चुना पडवीतल्या नळाखाली उतरवला आणि तसंच रिक्षात बसवलं. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, त्यामुळे "उद्या बघू" चालत नाही.

सरकारी आरोग्य केंद्रात लस मोफत मिळाली. काका दंड चोळत बाहेर आले. "इतक्याच?"