नोकरीतला वाटा आणि मालकीतला वाटा: दक्षिण आफ्रिकेचे दोन कायदे

दक्षिण आफ्रिकेचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, ‘तिथेही आरक्षण आहे.’ त्या एका शब्दात दोन निराळे कायदे कोंबले जातात. १९९८ चा एम्प्लॉयमेंट इक्विटी कायदा नोकऱ्यांचा. २००३ चा ब्रॉड-बेस्ड ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंट, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सबलीकरणाचा ‘बीईई’, मालकीसकट एकूण आर्थिक वाट्याचा.

पहिला सरळ आहे. मोठ्या कंपन्यांनी कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि अपंग यांचं प्रमाण वाढवायची उद्दिष्टं ठरवायची (२०२५ पासून प्रत्येक क्षेत्राची उद्दिष्टं मंत्री ठरवतात) आणि सरकारला अहवाल द्यायचा; हयगय केली तर दंड. पण कोटा मात्र या कायद्याने स्पष्टच वगळलाय, म्हणजे आपल्या अर्थाचं आरक्षण ते नव्हेच.

बीईई दंडुका उगारत नाही, गुण देते. भागभांडवल कुणाचं, वरच्या पदांवर कोण, माल कुणाकडून घेता यावरून कंपनीची पातळी ठरते आणि सरकारी कंत्राट देताना ती पाहिली जाते. कंत्राटदार मग तेच प्रमाणपत्र आपल्या पुरवठादारांकडे मागतो, कारण त्याचे स्वतःचे गुण त्यावर अवलंबून असतात.

दोन्हीकडे ‘ब्लॅक’मध्ये भारतीय वंशाचे नागरिकही येतात, अगदी केपटाऊनचे कोकणी मुसलमानसुद्धा. आज पुण्याहून जोहान्सबर्गला गेलेला इंजिनिअर मात्र नाही.

खरी अडचण मालकीत आहे. १९१३ च्या जमीन कायद्याने ज्यांना बहुतेक जमिनीवर खरेदीचा हक्कच नाकारला, त्यांच्याकडे १९९४ साली, वर्णभेदी राजवट संपली तेव्हा, भांडवल कुठून असणार? कायदा यायच्या आधीच कृष्णवर्णीय भागीदारांनी कंपन्यांचे शेअर घेतले ते कर्जावर, लाभांशातून फेडायच्या बोलीवर. १९९८ मध्ये बाजार कोसळला आणि सुरुवातीचे कित्येक व्यवहार बुडाले. पुढेही कंपन्यांनी भागीदार शोधले ते बहुधा सत्तेत ओळख असलेलेच.

सिरिल रामाफोसांचंच बघा. खाणकामगार संघटनेचे नेते, मग उद्योगपती, आता राष्ट्राध्यक्ष. १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकानात १२,५०० रँड पगार मागणाऱ्या संपकरी खाणकामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ३४ जण मेले. खाण लॉनमिन या कंपनीची होती आणि रामाफोसा तेव्हा त्या कंपनीच्या संचालक मंडळावर. चौकशी आयोगाने या गोळीबारासाठी रामाफोसांना दोषी धरलं नाही. पण संचालक मंडळात कृष्णवर्णीय माणूस बसला म्हणून खाणीतल्या मजुराचा पगार वाढत नाही. मालकीच्या गुणपत्रिकेत तो रकानाच नाही.