परवान्याची दोरी : कॅनडाचं प्रसारण आणि इंटरनेट

देशाची प्रसारण व्यवस्था खऱ्या अर्थाने कॅनडियन लोकांच्या मालकीची आणि ताब्यातली असावी, असं कॅनडाचा प्रसारण कायदा १९६८ पासून सांगत आला आहे. २०२३ मध्ये याच वाक्याला एक जोड मिळाली. कॅनडातल्या प्रेक्षकांना कार्यक्रम पुरवणारे परदेशी प्रसारकही या व्यवस्थेचा भाग आहेत, असं कायद्याने मान्य केलं. मालकी आपली हवी आणि परक्यांनाही सामावून घ्यायचं, या दोन गोष्टी एकाच वाक्यात कशा येऊन बसल्या, हे समजून घ्यायचं तर रेडिओच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

कॅनडाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात आहे आणि रेडिओलहरी नाक्यावर थांबत नाहीत. १९२० च्या दशकात तिथल्या घराघरांत अमेरिकी केंद्रं ऐकली जात होती. १९२९ मध्ये सरकारने नेमलेल्या एअर्ड आयोगाने सार्वजनिक मालकीच्या राष्ट्रीय प्रसारण कंपनीची शिफारस केली. त्यासाठी झटणारे ग्रॅहॅम स्प्राय यांनी १९३२ मध्ये संसदेच्या समितीपुढे हा पेच चार शब्दांत मांडला : 'स्टेट की युनायटेड स्टेट्स?' सीबीसी ही सार्वजनिक प्रसारण संस्था उभी राहिली ती १९३६ मध्ये.

पुढे खासगी दूरचित्रवाणी आली आणि अडचण पैशाच्या बाजूने समोर आली. अमेरिकी मालिकेचा खर्च तिच्या घरच्या मोठ्या बाजारातच वसूल झालेला असतो, त्यामुळे शेजारच्या देशाला ती निर्मितिखर्चाच्या किरकोळ भागात मिळते. तेवढ्या पैशात स्वतःची मालिका उभी राहत नाही. मालक देशी असला तरी हे गणित बदलत नाही. आयात केलेला कार्यक्रम लावणंच त्याला परवडतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. म्हणून मालकीच्या अटीसोबत देशी कार्यक्रमांचा कोटाही आला. टीव्हीसाठी तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आधी ४५ आणि मग ५५ टक्के ठरला.

रेडिओवरच्या संगीताला १९७१ उजाडावं लागलं. सीआरटीसी या नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष प्येअर ज्यूनो यांच्या काळात एएम केंद्रांवर ३० टक्के कॅनडियन संगीत सक्तीचं झालं. तिथले जूनो पुरस्कार त्यांच्याच नावाची आठवण ठेवतात. पण गाणं कॅनडियन आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी चार कसोट्या ठरल्या : संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द. चारपैकी दोन देशी असल्या की गाणं देशी. तबकडीवर चार भागांत विभागलेलं एक छोटं वर्तुळ छापलं जाई. त्यातला कोणता भाग भरलेला आहे यावर नजर टाकली की निवेदकाला उत्तर मिळे.

या कसोटीची मर्यादा १९९१ मध्ये उघडी पडली. ब्रायन अ‍ॅडम्स हा कॅनडाचा जगभर गाजणारा गायक. पण त्या वर्षीच्या अल्बममधली गाणी त्याने परदेशी निर्मात्यासोबत मिळून रचली होती आणि ध्वनिमुद्रणही पूर्णपणे देशात झालं नव्हतं. शब्द आणि संगीत 'संपूर्णपणे' कॅनडियन नाहीत म्हणून ही गाणी कोट्यात धरता येईनात. खूप ओरड झाली आणि १९९३ मध्ये परदेशी साथीदारासोबत मिळून रचलेल्या शब्द-संगीतात कॅनडियन रचनाकाराला निम्मं श्रेय देणारी दुरुस्ती झाली. ही कसोटी गाण्याचा विषय पाहत नाही, माणसांची नागरिकत्वं मोजते. तरीही या नियमाने अनेक नव्या गायकांना रेडिओवर पहिली जागा मिळवून दिली, आणि त्याचं मोल मला फार वाटतं. काही केंद्रं देशी गाणी रात्री उशिरा किंवा पहाटे एकगठ्ठा वाजवून मोकळी होत, हेही खरंच.

मालकीच्या बाजूने परवानाधारक कंपनीत परदेशी मतदान हक्क २० टक्क्यांपुरते ठेवले गेले. १९९० च्या दशकात वरच्या पालक कंपनीत एक तृतीयांशापर्यंत मुभा मिळाली. खालचे २० टक्के आणि उरलेल्या ८० टक्क्यांचा एक तृतीयांश धरला, तर परदेशी वाटा एकूण ४६.७ टक्क्यांपर्यंत जातो.

ही सगळी इमारत परवान्याच्या एका दोरीवर टांगलेली होती. लहरी मोजक्या, म्हणून परवाना. परवाना हवा, म्हणून अटी मान्य. इंटरनेटवर परवाना लागतच नाही. मे १९९९ मध्ये सीआरटीसीने 'नव्या माध्यमांना' नियमांतून सूट दिली आणि त्याच वर्षाअखेरीस टोरांटोतल्या आयक्रेव्हटीव्ही या कंपनीने अमेरिकी आणि कॅनडियन वाहिन्या संकेतस्थळावर दाखवायला सुरुवात केली. केबलवाल्यांना असलेली पुनर्प्रसारणाची मुभा आपल्यालाही आहे, असं तिचं म्हणणं होतं. पाहणारा कॅनडातच आहे याची खात्री म्हणून त्याला आपल्या भागाचा दूरध्वनी कोड टाकायला सांगितलं जाई. तीन आकडे कोणीही टाकू शकत होतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये खटला झाला आणि २००० च्या सुरुवातीलाच ती सेवा बंद पडली. देशाची सीमा तीन आकड्यांत मावत नाही, हे तेव्हाच कळलं होतं. पण सूट तशीच राहिली.

२०१० मध्ये नेटफ्लिक्स कॅनडात आलं, तेही नियमांतून मिळालेल्या या सवलतीच्या आधारेच. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसतं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या प्रसारक नाहीत असा निर्वाळा दिला, म्हणजे देशी कार्यक्रमांसाठी तिथूनही वर्गणी मागता येईना. २०१४ च्या सुनावणीत सीआरटीसीने नेटफ्लिक्सकडे ग्राहकांची आकडेवारी मागितली. गोपनीयतेचं कारण देऊन कंपनीने नकार दिला, तेव्हा आयोगाने तिचं म्हणणंच नोंदीतून काढून टाकलं. नियामकाच्या हातात त्या दिवशी याहून जास्त काही नव्हतं. याच्या उलट चित्र परवानाधारकांचं : ते कोटा पाळत होते, निर्मितीसाठी ठरलेला खर्च करत होते, आणि त्यांचे प्रेक्षक दर महिन्याला कमी होत होते.

युरोपने वाट वेगळी धरली. १९८९ च्या निर्देशात टीव्हीच्या वेळेतला निम्म्याहून जास्त हिस्सा, शक्य असेल तिथे, युरोपीय कार्यक्रमांना होता. २०१८ मध्ये मागणीनुसार पाहायच्या सेवांसाठी वेळेऐवजी संग्रहाचं माप आलं : किमान ३० टक्के युरोपीय कलाकृती, आणि त्या ठळकपणे दिसतील अशा. कंपनी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न या मोजमापात येत नाही.

कॅनडात २०२० चं पहिलं विधेयक निवडणुकीमुळे बारगळलं. दुसरं एप्रिल २०२३ मध्ये कायदा झालं. त्यात देशी प्रसारकांनी कॅनडियन कलाकार-तंत्रज्ञांचा जास्तीत जास्त, आणि कोणत्याही परिस्थितीत प्रामुख्याने, वापर करावा असं आहे. परदेशी ऑनलाइन सेवांनी तो 'व्यवहार्य असेल तितका' करायचा आहे. एकाच कलमात अशा दोन मोजपट्ट्या आहेत. जून २०२४ मध्ये सीआरटीसीने वर्षाला अडीच कोटी कॅनडियन डॉलर किंवा अधिक कमावणाऱ्या, देशी प्रसारकांशी न जोडलेल्या ऑनलाइन सेवांना तिथल्या उत्पन्नाचे ५ टक्के द्यायला सांगितलं. स्थानिक बातम्या, फ्रेंच आणि आदिवासी समाजांचे कार्यक्रम अशा कामांसाठी तो पैसा आहे. कंपन्या या आदेशाविरुद्ध फेडरल अपील न्यायालयात गेल्या.