हिरव्या वाटेची पाटी निळी असते

२०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी (पीबीपी, फ्रान्समधली बाराशे किलोमीटरची सायकल राइड) आत्तापासून बीआरएम, म्हणजे तिच्या पात्रतेच्या लांब पल्ल्याच्या राइड, मारत असलेल्या मंडळींशी गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पीबीपी झाली की तिथेच चार दिवस ग्रॅव्हल करू. फ्रान्समध्ये काय, ग्रीनवे आहेतच सगळीकडे." ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या, खडीच्या रस्त्यांवरचं सायकलिंग. मग मोबाइलवर नकाशा उघडतो. एका लांबलचक रेघेला कुणी 'व्हेलोरूत' म्हणतं, कुणी 'व्वा व्हर्त', आणि दोघंही त्याचं मराठी 'सायकल ट्रॅक' असं करून मोकळे होतात. पुण्यात राहून 'सायकल ट्रॅक' या शब्दावर एवढा विश्वास कसा काय शिल्लक राहतो, हा वेगळाच प्रश्न.

ग्रॅव्हलच्या सायकलीबद्दल सांगत बसत नाही. बाराशे किलोमीटर नव्वद तासांत काढणाऱ्याला ते सांगायची गरज नाही. तीच ड्रॉप हँडलची सायकल, फक्त चाळीस-बेचाळीस मिलिमीटरचे रुंद टायर आणि थोडे हलके गिअर. घोळ होतो तो वाटेच्या नावांत.

व्वा व्हर्त (शब्दशः 'हिरवी वाट') ही वाट आहे आणि व्हेलोरूत (शब्दशः 'सायकल-रस्ता') हा मार्ग आहे. आपल्याला हा फरक नवा नाही. आळंदी ते पंढरपूर हा पालखी मार्ग. तो कधी हायवेवरून जातो, कधी घाट चढतो, कधी गावातल्या गल्लीतून निघतो. 'पालखी मार्ग' म्हटल्यावर पायाखाली काय आहे ते कळत नाही, कुठून कुठे जायचं ते कळतं. व्हेलोरूत तशीच. लांब पल्ल्याचा, सलग, पाट्या लावलेला मार्ग, हाताशी येईल त्या रस्त्याचे तुकडे जोडून केलेला. त्यातले काही तुकडे व्वा व्हर्त असतात, काही शेतांमधले शांत डांबरी रस्ते, तर काही थेट शहरातले. म्हणजे व्हेलोरूतवर मोटार येऊ शकते, ट्रॅक्टर तर येतोच येतो.

व्वा व्हर्तची व्याख्या फ्रान्सच्या वाहतूक नियमांत २००४ साली आली. बिनमोटारीची वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला रस्ता, एवढीच. पुन्हा वाचा. त्यात झाडांचा उल्लेख नाही. मातीचा नाही. खडीचा तर नाहीच नाही.

इथेच सगळे आपटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

'हिरवी वाट' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडीतून जाणारी कच्ची पायवाट येते. पण त्या नावातला हिरवा रंग हा परवानगीचा आहे. मोटारी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. खाली काय अंथरलंय ते ज्याच्या त्याच्या हद्दीतल्या प्रशासनाच्या मर्जीवर आणि बजेटवर. फ्रान्समधली पहिली व्वा व्हर्त बर्गंडीत, झिव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर, १९९७ साली सुरू झाली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची. मी तिथे ४२ मिलिमीटरचे गोटीदार टायर चढवून गेलो होतो. पहिल्या स्टेशनापासून शेवटच्यापर्यंत तुळतुळीत डांबर! दिवसभर टायरांची गूं-गूं ऐकत, रोलर स्केट घातलेल्या आजीबाईंकडून ओव्हरटेक होत क्लुनीला पोचलो. वाट अप्रतिम आहे. द्राक्षमळे, कोर्मातँचा किल्लेवजा वाडा, शेवटी ९१० साली स्थापन झालेल्या मठाचे उरलेसुरले मनोरे. पण ग्रॅव्हल? औषधालाही नाही.

आता याच्या उलट. पॅरिस ते माँ-सँ-मिशेल या साधारण ४५० किलोमीटरच्या व्हेलोरूतचं नाव व्हेलोसेनी, नंबर व्ही ४०. 'रूत' म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे डांबर, असं समजून आमचा एक मित्र २५ च्या गुळगुळीत टायरवर निघाला. वर्सायहून राँबुये, मग मँतनाँ. तिथे चौदाव्या लुईनं वर्सायच्या कारंज्यांना पाणी न्यायला १६८५ मध्ये काढलेला आणि अर्धवटच राहिलेला जलसेतू उभा आहे. पुढे शार्त्रचं कॅथेड्रल. तोवर स्वारी खुशीत होती. पर्श भागात काँदे-स्युर-युइनपासून आलाँसाँपर्यंत ६७ किलोमीटरची व्वा व्हर्त लागते. तीही जुन्या रेल्वेमार्गावरची, पण दाबून बसवलेल्या बारीक वाळू-खडीची. आदल्या रात्री पाऊस झालेला. ती राखाडी खीर ब्रेकमध्ये, चेनमध्ये, बाटलीच्या तोंडावर, सगळीकडे. संध्याकाळी त्यानं पाठवलेल्या फोटोत सायकल सिमेंटच्या गोणीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

म्हणजे 'हिरव्या वाटे'वर डांबर निघालं आणि 'सायकल-रस्त्या'वर वाळू. दोन्ही नावं आपापल्या जागी बरोबर होती. एकानं सांगितलं कोण चालू शकतं, दुसऱ्यानं सांगितलं कुठे पोचता येतं. चाकाखाली काय, हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि आपण नेमकं तेच गृहीत धरून बसलो.

वर पाट्यांचा गोंधळ. व्वा व्हर्तची, म्हणजे हिरव्या वाटेची, पाटी निळी असते. निळा चौकोन, त्यात पांढरी चित्रं: पायी चालणारे, सायकल, कधीकधी घोडेस्वार. आणि व्हेलोरूतच्या दिशादर्शक पाट्या पांढऱ्या, त्यांना हिरवी किनार आणि हिरवी सायकल. हिरवं दिसलं की "आली हिरवी वाट" म्हणत वळणारा माणूस पाच मिनिटांत दुधाच्या टँकरसमोर असतो. ही पाटी ज्यानं ठरवली त्याच्याशी एकदा चहावर बोलायचंय.

बाकीचे फरक किरकोळ. रेल्वेमार्गावरच्या व्वा व्हर्तला चढ जवळपास नसतो, व्हेलोरूतला असू शकतो. व्वा व्हर्तवर रस्ता ओलांडायच्या बऱ्याच जागी आडवे दांडे असतात आणि बॅगा लावलेली सायकल त्यात अडकते. घोडा दिसला तर वेग कमी करा, बोलत बोलत पुढे जा, मागून अचानक घंटी वाजवू नका. झालं.

पृष्ठभागासाठी तीन शब्द मात्र घोकून ठेवा. 'आँरोबे' म्हणजे डांबर. 'स्टाबिलिझे' म्हणजे दाबून बसवलेली बारीक खडी किंवा वाळू: कोरडी असेल तर स्वर्ग, ओली असेल तर वरची खीर. 'नाँ रेव्हेतू' म्हणजे वरून काहीच न घातलेली वाट, जी सुरेख पांढरा चुनखडी रस्ता निघू शकते किंवा ट्रॅक्टरनं खणलेली दोन चरं. मार्गाच्या वर्णनात यांपैकी शब्द सापडेपर्यंत मी टायर निवडत नाही. आणि 'सगळीकडे चालतील असे' म्हणून ३२ चे टायर सुचवणाऱ्यांचं मी ऐकत नाही. ते ना धड इकडचे, ना धड तिकडचे.

खरं सांगायचं तर जंगलातलं ग्रॅव्हल हवं असेल तर या दोन्ही नावांचा नाद सोडा आणि सरकारी जंगलातला 'रूत फोरेस्तिएर' पकडा. वनखात्याचा रस्ता, तोंडाशी मोटारींसाठी आडवा दांडा, बाजूनं सायकल जाण्यापुरती जागा. पीबीपीची सुरुवात २०१९ पासून राँबुयेला होते, आणि राँबुयेचं जंगल गावाच्या उंबरठ्यावरच आहे. ओक, पाइन, वाळूचे रस्ते, मधूनच वर्सायच्या कारंज्यांना पाणी पुरवण्यासाठी खोदलेले तलाव. सप्टेंबरनंतर गेलात तर 'शास आँ कूर' अशी पाटी दिसेल. शिकार चालू आहे, असा त्याचा अर्थ. तिथून गुपचूप मागे फिरायचं, शॉर्टकटचा मोह आवरायचा.

माझी स्वतःची पसंती मात्र पॅरिसच्या उत्तरेला, काँपिएन्यला. १९१८ चा शस्त्रसंधी ज्या रेल्वेच्या डब्यात झाला ती मोकळी जागा याच जंगलात आहे. दुसऱ्या टोकाला पियेरफाँचा किल्ला, तिसऱ्या नेपोलियननं १८५७ पासून नव्यानं बांधून घेतलेला. मध्ये राजांच्या शिकारीसाठी आखलेले सरळसोट रस्ते. ते ताऱ्यासारखे एकेका चौकात येऊन मिळतात, आणि आठ रस्त्यांच्या चौकात उभं राहिलं की आपण कुठून आलो तेच विसरायला होतं. प्रत्येक चौकात एक पांढरा खांब असतो. सम्राज्ञी इथे एकदा वाट चुकली म्हणून, असं सांगतात, त्या खांबांवर एक लहानसा लाल पट्टा ओढलेला आहे. तो ज्या बाजूला असेल तिकडे राजवाडा. फोनची बॅटरी संपली होती तेव्हा त्या पट्ट्यांवर भरवसा ठेवून मी अंधार पडायच्या आत गावात आलो.