निर्बंधित कच्च्या मालाची आयात: परवाना कोणाला मिळतो, अर्ज कसा करायचा?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, 18 टक्क्यांपेक्षा कमी राखेच्या मेट कोकच्या (धातू वितळवायला लागणाऱ्या, कोळशापासून बनवलेल्या इंधनाच्या) आयातीवर देशवार कोटा लावला. पहिली मुदत 1 जानेवारी ते 30 जून 2025 ची होती, पुढे ती वाढवली गेली. स्टील कारखान्यांपासून क्युपोला (कोकवर चालणारी उभी) भट्टी चालवणाऱ्या फाउंड्रीपर्यंत, म्हणजे ओतकाम कारखान्यापर्यंत, सगळ्यांपुढे एकच प्रश्न आला: आता माल आणायचा कसा? कोक हे एक उदाहरण. आयात धोरणात ज्या मालापुढे ‘रिस्ट्रिक्टेड’ (निर्बंधित) लिहिलेलं असतं, त्या सगळ्यासाठी मूळ वाट एकच: डीजीएफटीकडून आयात परवाना घ्यायचा. म्हणून आधी आपल्या मालाचा आठ आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) काढा आणि डीजीएफटीच्या संकेतस्थळावर त्याची आजची स्थिती व ताजी अधिसूचना वाचा.

पात्रतेचा मुख्य नियम ‘ॲक्च्युअल युजर’चा, म्हणजे प्रत्यक्ष वापरकर्त्याचा. ज्या मालाला परवाना लागतो, तो प्रत्यक्ष वापरणाऱ्यानेच आणायचा. साठा करून विकणाऱ्या व्यापाऱ्याला ही अट आडवी येते. डीजीएफटीने ती स्पष्टपणे शिथिल केली असेल तरच सुटका. लहान कारखानदार बहुतेक वेळा व्यापाऱ्याकडूनच माल घेतो, त्यामुळे अधिसूचनेतली ही ओळ त्याने स्वतः वाचावी.

अर्जाला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि तो चालू हवा. एप्रिल ते जूनमध्ये दरवर्षी त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. बदल काहीच नसला तरी तसं नोंदवायचं, नाहीतर आयईसी निष्क्रिय होतो. डिजिटल सही घेऊन ठेवा. अर्ज संपूर्ण ऑनलाइन, अर्जाचा नमुना एएनएफ-2एम. शुल्क मालाच्या सीआयएफ किमतीवर (माल, विमा आणि वाहतूक धरून) ठरतं.

सोबत पुरवठादाराचा करार किंवा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचं कच्चं बिल), उद्यम किंवा कारखाना नोंदणी, जीएसटी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, मागच्या वर्षांच्या आयातीची बिल ऑफ एन्ट्री (सीमाशुल्काकडे दिलेली आयातीची नोंद) आणि उत्पादन-वापराचा सीएने प्रमाणित केलेला तक्ता तयार ठेवा. अधिसूचनेत आणखी काही मागितलं असेल तर तेही.

या सगळ्यात खरा जीव वापराच्या तक्त्यात आहे. समजा तुमची फाउंड्री महिन्याला 300 टन धातू वितळवते आणि कोक धातूच्या 12 टक्के लागतो. म्हणजे महिन्याला 36 टन, वर्षाला 432 टन. मागणी 1,000 टनांची केली तर जास्तीचे 568 टन कुठे जाणार, हे विचारलं जाणारच. विस्तार होणार असेल तर नव्या भट्टीची ऑर्डर जोडा. आणि आकडे जीएसटी विवरणपत्रं, वीजबिल, संमतीपत्रातली क्षमता यांच्याशी जुळवून बघा. संमती 200 टनांची आणि तक्ता 300 टनांचा असेल तर मोठा घोळ होतो.

अर्ज दिल्लीत डीजीएफटीच्या एक्झिम (आयात-निर्यात) सुविधा समितीपुढे जातो. गरजेप्रमाणे संबंधित मंत्रालयाचं मत घेतलं जातं. त्रुटीपत्र पोर्टलवरच येतं, म्हणून रोज लॉगिन करून बघा. कोटा ठरलेला असतो, तिथे उत्तराला उशीर करणं परवडत नाही. परवाना नसताना माल बंदरात उतरला तर सीमाशुल्क कायद्याखाली तो जप्त होऊ शकतो आणि सोडवायला दंड भरावा लागतो.

निर्बंध अचानक लागला आणि माल आधीच वाटेत असेल तर? बिल ऑफ लेडिंगची (जहाजावर माल चढल्याच्या पावतीची) तारीख निर्बंधाच्या आधीची असेल तर तो माल साधारणपणे अडत नाही. माल निघाला नसेल, पण अपरिवर्तनीय एलसी (पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची हमी, जी एकतर्फी रद्द होत नाही) आधीच उघडलेली असेल, तर ती निर्बंध लागल्यापासून 15 दिवसांत डीजीएफटीच्या आपल्या प्रादेशिक कार्यालयात नोंदवा आणि एलसीच्या मूळ मुदतीत माल आणा. मात्र अधिसूचनेत ही सवलतच नाकारलेली असू शकते, तेव्हा तो परिच्छेद आधी बघा. नुसती ॲडव्हान्स रक्कम पाठवली असेल, एलसी नसेल, तर या एलसीच्या सवलतीत तुम्ही बसत नाही.