खुराड्यातल्या फटी आणि कडुलिंबाच्या तेलाचा नॅनोथेंब

कोंबडी रात्री दांडीवर सारखी अंग झाडते, तुरा पांढुरका पडलाय, अंडी कमी झालीत. पण दिवसा पिसे उलगडून पाहिली तर फारसे काही सापडत नाही. कारण रक्त पिणारे बरेच जीव दिवसा तिच्या अंगावर नसतातच. ते खुराड्याच्या फटीत असतात.

मराठवाड्यात परसातली खुराडी बहुधा तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाची आणि मातीने लिंपलेली. या कुडाच्या सांध्यांत दोन शत्रू दडतात. पहिला तांबडा माइट, डर्मॅनिसस गॅलिनी. हा जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि उन्हाळ्याच्या उबेत सात-दहा दिवसांत याची नवी पिढी तयार होते. दुसरा कोंबड्यांचा गोचीड, आर्गस पर्सिकस. त्याची पिल्ले काही दिवस कोंबडीला चिकटून राहतात, मोठे गोचीड मात्र रात्री अर्ध्या तासात रक्त पिऊन परत भिंतीत जातात. त्यांच्यापासून स्पायरोकिटोसिस हा तापाचा रोगही पसरतो. उवांचे तसे नाही. त्या जन्मभर पिसांतच राहतात, म्हणून खुराडे फवारून त्या जात नाहीत.

निंबोळी अर्क आपल्याकडे पिकांवर सर्रास मारतात. कडुलिंबातले ॲझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य १९६८ मध्ये वेगळे केले गेले. ते कीटक जागीच मारत नाही, त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. गवती चहा, निलगिरी, लवंग यांची सुगंधी तेले मात्र थेट मज्जासंस्थेवर काम करतात, लवकर मारतात आणि तितक्याच लवकर उडून जातात. अडचण कडुलिंबाच्या आणि सुगंधी अशा दोन्ही तेलांची एकच: तेल पाण्यात विरघळत नाही. साबण घालून ढवळले की थेंब तयार होतात, पण ते कित्येक मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). थोड्या वेळात तेल वर येते आणि फवारा कुठे दाट, कुठे नुसते पाणी असा पडतो.

नॅनोइमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात पसरलेल्या अतिसूक्ष्म तेलथेंबांच्या मिश्रणात, थेंब साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे असतात (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). ५ मायक्रोमीटरचा एक थेंब फोडून ५० नॅनोमीटरचे केले तर तेवढ्याच तेलाचे दहा लाख थेंब होतात आणि पृष्ठभाग शंभरपट वाढतो. त्यामुळे कमी तेलात माइटच्या मेणचट कातडीचा जास्त भाग भिजतो आणि द्रव बारीक फटीतही शिरतो. वेल्लोरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये कडुलिंबाचे तेल आणि ट्वीन-२० हे इमल्सिफायर (तेल पाण्यात एकजीव धरून ठेवणारे द्रव्य) १:३ प्रमाणात घेऊन सुमारे ३१ नॅनोमीटरचे थेंब मिळवले. तो प्रयोग डासांच्या अळ्यांवर होता, पण प्रमाणाचा धडा इथेही लागू पडतो: इमल्सिफायर कमी पडले की थेंब मोठे राहतात.

प्रयोगशाळेत १०० मिलिलिटरसाठी ५ मिली तेल, १५ मिली ट्वीन-८० (हेही तसेच इमल्सिफायर) आणि ८० मिली पाणी असे प्रमाण घेता येते. आधी तेल आणि ट्वीन दहा मिनिटे एकजीव करायचे, मग ढवळत ढवळत पाणी बारीक धारेने सोडायचे. उलट क्रम केला तर गुठळ्या होतात. नंतर प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारे यंत्र) पाच-दहा मिनिटे, थांबत थांबत, आणि बीकर बर्फात ठेवूनच; द्रव तापला की सुगंधी तेल उडते आणि ॲझाडिरॅक्टिनही खराब होते. दुधासारखे पांढरे दिसले तर थेंब अजून मोठेच आहेत. निळसर, अर्धपारदर्शक झाक आली तर काम जमले. मिक्सरच्या भांड्यात हे होत नाही. तिथे मिळते ते साधे इमल्शन.

नुसत्या सुगंधी तेलाचे नॅनोइमल्शन काही दिवसांत बिघडते. लहान थेंबांतले तेल पाण्यातून सरकत मोठ्या थेंबांत जाते आणि मोठे आणखी मोठे होतात. त्यात थोडे करंजाचे किंवा लिंबाचे जड तेल मिसळले की हे बरेच रोखले जाते.

आपल्या भागातल्या बोअरचे पाणी जड असते. त्यात साबण फाटतो, ट्वीन फाटत नाही. पण पाणी अल्कधर्मी असेल तर ॲझाडिरॅक्टिन लवकर नष्ट होते. पट्टीने पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क याचे माप) तपासून चिमूट-चिमूट लिंबूसत्व घालत तो ५ ते ६ वर आणावा. याच कारणाने नुकत्याच चुना लावलेल्या भिंतीवर लिंबाचे औषध मारणे म्हणजे ते वाया घालवणे. ऊनही त्याचा नाश करते, म्हणून बाटली काळी आणि सावलीत हवी.

फवारणी सकाळी, कोंबड्या बाहेर सोडल्यावर करावी, म्हणजे माइट फटीत सापडतात आणि संध्याकाळपर्यंत खुराडे वाळते. वरचे द्रावण चार भाग पाण्यात मिसळले की तेल १ टक्का उरते. दांडीची टोके, सांधे आणि खुडूक कोंबडीच्या टोपलीची खालची बाजू भिजली पाहिजे, मात्र टोपलीतली अंडी आधी काढून. अंड्याच्या छिद्रांतून तेल आत जाते. सुगंधी तेल थेट पक्ष्याच्या अंगावर, आणि पिल्लांवर तर मुळीच नको. त्यांचे श्वसन नाजूक असते. जास्त इमल्सिफायरने पिसांचा नैसर्गिक तेलकटपणाही जातो. सात दिवसांनी पुन्हा फवारायचे, कारण अंड्यांतून नवे माइट निघालेले असतात.

फरक पडला का, हे मोजता येते. घड्या असलेल्या पुठ्ठ्याची गुंडाळी दांडीखाली दोन रात्री बांधा, मग पांढऱ्या कागदावर झटकून माइट मोजा आणि पुठ्ठा जाळा. फवारणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. शेजारच्या खुराड्यात तेल न घालता फक्त ट्वीनचे पाणी मारून पाहणे फार गरजेचे आहे, कारण ट्वीनने स्वतःच काही माइट मरतात आणि श्रेय तेलाला जाते.

विकतची बाटली घेताना तेलाची टक्केवारी, इमल्सिफायरचे नाव आणि पक्ष्यांसाठी वापर लिहिलेला आहे का ते पाहा. पिकांसाठीच्या लिंबाच्या औषधात असणारे द्रावक कोंबडीसाठी नसतात. २०१७ मध्ये युरोपात लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. माइटसाठी वनस्पतिजन्य म्हणून विकलेल्या औषधात फिप्रोनिल हे रासायनिक कीटकनाशक मिसळलेले निघाले होते.

मोठ्या गोचिडावर मात्र या थेंबांचा फार भरवसा धरू नये. त्याची कातडी जाड असते आणि तो उपाशीपोटी वर्षानुवर्षे जगू शकतो. तिथे जुन्या तुराट्या काढून घरापासून लांब जाळणे आणि भेगा बुजवणे हेच आधी करावे लागते, फवारणी त्यानंतर.